तिकिटावर सवलत आहे, पण पायरीचं काय? दीक्षाभूमी-चैत्यभूमीच्या वाटेवर मागे राहणारे आपले अपंग बांधव आणि माजी सैनिक

ऑक्टोबर ते जानेवारी हा आपल्या समाजाचा प्रवासाचा काळ. अशोक विजयादशमी आणि १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगावचा विजयस्तंभ. गावोगावची मंडळं बस ठरवतात, रेल्वेच्या डब्यांत पाय ठेवायला जागा नसते, बायाबापड्या भाकरी बांधून घेऊन निघतात. कुणी बोलावत नाही, कुणी भाडं देत नाही, तरी लाखो लोक स्वतःच्या खर्चाने जातात. याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण या लेखात मला पोहोचणाऱ्यांबद्दल नाही, न पोहोचणाऱ्यांबद्दल लिहायचं आहे.

मी अकोला जिल्ह्यात समाजकार्यात आहे. गेल्या वर्षी आमच्या मंडळाने नागपूरला जायला खासगी बस ठरवली. यादीत पन्नासेक नावं होती. त्यात एक मावशी होत्या, लहानपणी पोलिओ झालेल्या, दोन्ही पायांत जोर नाही, घरात हातावर सरकत वावरतात. आणि एक निवृत्त हवालदार काका होते. सीमेवर सुरुंगाच्या स्फोटात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला, आता कृत्रिम पाय वापरतात. दोघांची नावं मीच लिहून घेतली होती. नाव लिहिलं म्हणजे काम झालं, असं मला वाटलं.

बस आली तेव्हा तिची पहिली पायरी जमिनीपासून दीड-दोन फूट उंच. दोन पोरांनी मावशींना काखेत हात घालून उचललं, पोतं चढवतात तसं. पोरांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण अख्खी बस बघत होती आणि मावशींनी पदर तोंडावर ओढून घेतला होता. वाटेत ढाब्यावर गाडी थांबली. तिथला संडास पाच पायऱ्या चढून, आत बसायचा. मावशी खाली उतरल्याच नाहीत. संध्याकाळी कळलं की त्यांनी आदल्या रात्रीपासून पाणी प्यायलं नव्हतं. लघवीला जावं लागू नये म्हणून. परत येताना त्यांना चक्कर आली. काका तर कृत्रिम पायाच्या पट्ट्यात जखम झालेली असूनही काही बोलले नाहीत.

यंदा यादी करायला गेले तेव्हा मावशी म्हणाल्या, "मले कायले नेता आता? तुमाले तरास होते. मी अठूनच वंदन करतो, तुम्ही जाऊन या."

त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून जात नाही. मावशींना नागपूरला जाण्याची इच्छा नाही असं नाही. आपण, म्हणजे आम्ही सगळ्यांनी मिळून, त्यांना 'आपण ओझं आहोत' हे शिकवलं. चूक सरकारची आहेच, त्याबद्दल पुढे लिहिते. पण त्या दिवशीची चूक आमच्या मंडळाची होती, आणि यादी माझ्या हातात होती.

हा प्रश्न आपल्याच घरातला आहे

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. महाराष्ट्रात साधारण २९ लाख ६३ हजार. प्रत्यक्ष आकडा याहून मोठा असणार, कारण तेव्हा अपंगत्वाचे मोजके प्रकारच मोजले गेले होते. पण या जनगणनेतली एक गोष्ट आपण क्वचितच बोलतो. अनुसूचित जातींमध्ये अपंगत्वाचं प्रमाण २.४५ टक्के होतं. अनुसूचित जाती-जमाती सोडून इतरांमध्ये ते २.१८ टक्के होतं.

हा फरक नशिबाचा नाही. गटारात कोण उतरतं, खाणीत दगड कोण फोडतं, बांधकामावर पट्ट्याशिवाय कोण चढतं, बाळंतपणात कुणाला तालुक्याला पोहोचायला उशीर होतो, ताप आलेल्या पोराला कोण आधी दवाखान्यात नेऊ शकत नाही, या प्रश्नांची उत्तरं एकत्र केली की हा फरक समजतो. जात आणि गरिबी माणसाच्या शरीरावर अशी उमटते.

आणखी एक गोष्ट विदर्भातल्या तरुणांनी लक्षात ठेवावी. सिकलसेल हा आजार आपल्या भागात आदिवासी समाजात आणि आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणावर आढळतो. १९९५ च्या जुन्या अपंग कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमा'त ते २१ झाले, आणि त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया यांचाही समावेश आहे. पण सिकलसेलचा त्रास असलेली कितीतरी मुलंमुली स्वतःला या कायद्याच्या कक्षेत समजतच नाहीत. बाहेरून धडधाकट दिसतात, मग 'तुला काय झालंय' म्हणून डब्यातून उठवलं जातं.

शब्दाचाही विचार करू. सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' हा शब्द आहे. अपंगांच्या चळवळीतल्या अनेकांना तो मान्य नाही. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. आपल्यालाही एकेकाळी 'हरिजन' हा देवाच्या नावाचा शब्द दिला गेला होता आणि बाबासाहेबांनी तो नाकारला होता. देवाशी नातं जोडून दिलं की माणसाचे हक्क द्यायचं राहून जातं, हा अनुभव आपल्या गाठीशी आहे. ज्याला जो शब्द आवडतो त्याने तो वापरावा, मी या लेखात कायद्याच्या संदर्भात दिव्यांग आणि एरवी अपंग म्हणते. मुद्दा शब्दाचा नाही, पायरीचा आहे.

कायदा काय म्हणतो

२०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं कलम ४१ थेट प्रवासाबद्दल आहे. बसथांबे, रेल्वे स्टेशन, विमानतळ इथली पार्किंगची जागा, संडास, तिकीट खिडकी आणि तिकीट यंत्र अपंगांना वापरता येतील असे असावेत. वाहनंही तशी असावीत. जुन्या वाहनांतही बदल करावेत. पण याच कलमात एक पळवाट आहे. जुन्या वाहनांतले बदल तांत्रिकदृष्ट्या शक्य, सुरक्षित आणि आर्थिकदृष्ट्या परवडणारे असतील तर करायचे. परवडतं की नाही हे ठरवणार कोण? ज्याने बदल करायचा तोच.

कलम ४५ प्रमाणे अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये आले. म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच संपली. त्याआधी ३ डिसेंबर २०१५ ला केंद्राने 'सुगम्य भारत अभियान'ही सुरू केलं होतं. आपल्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर जाऊन बघा, किती काम झालं ते कळेल.

या सगळ्यात एक मोठी घडामोड झाली, ती आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असायला हवी. राजीव रतुरी या दृष्टिहीन नागरिकाने २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. त्या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ ला निकाल आला. न्यायालयाने २०१७ च्या नियमांतला नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला. कारण साधं होतं. कायदा म्हणतो 'करावंच लागेल', आणि नियम मात्र मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवत होता. ज्या गोष्टी सक्तीच्या, त्या सल्ल्यासारख्या लिहिलेल्या. न्यायालयाने केंद्राला सांगितलं की किमान सक्तीची मानकं वेगळी काढा आणि तीन महिन्यांत नियम करा.

हा निकाल आपल्यासाठी महत्त्वाचा आहे, कारण 'सोय' आणि 'हक्क' यातला फरक त्याने स्पष्ट केला. सोय मेहरबानीने मिळते आणि काढून घेता येते. चवदार तळ्याचं पाणी सोयीसाठी मागितलं नव्हतं.

कायद्यातलं कलम ९२ सुद्धा वाचून ठेवा. अपंग व्यक्तीचा सार्वजनिक ठिकाणी जाणूनबुजून अपमान केला, तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. याची रचना ॲट्रॉसिटी कायद्यासारखी आहे. आपल्या कार्यकर्त्यांना ॲट्रॉसिटीची कलमं तोंडपाठ असतात, हे कलम मात्र फारसं कुणाला माहीत नसतं.

सवलती कोणत्या, आणि त्या कुठे अडकतात

रेल्वेने मार्च २०२० मध्ये बहुतेक सवलती बंद केल्या. ज्येष्ठ नागरिकांचीही गेली. पण अपंगांचे चार गट, अकरा प्रकारचे रुग्ण आणि विद्यार्थी यांच्या सवलती चालू राहिल्या. चालण्याचं अपंगत्व असलेले आणि मदतनीसाशिवाय प्रवास करू न शकणारे, पूर्णतः दृष्टिहीन, आणि बौद्धिक अपंगत्व असलेले यांना सेकंड क्लास, स्लीपर आणि थ्री एसीला ७५ टक्के सवलत आहे, सोबतच्या एका मदतनीसालाही तेवढीच. पूर्णतः मूकबधिर व्यक्तींना सेकंड आणि स्लीपरला ५० टक्के. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, कॅन्सर, किडनी अशा रुग्णांना उपचारासाठीच्या प्रवासात वेगळी सवलत आहे. एसटीच्या साध्या गाडीत अपंगांना ७५ टक्के सवलत आहे.

ऐकायला चांगलं वाटतं. आता अडतं कुठे ते बघू.

पहिली अडचण कागदाची. अपंगत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड आणि रेल्वेच्या सवलतीचं प्रमाणपत्र या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. रेल्वेचा स्वतःचा नमुना आहे, त्यावर सरकारी डॉक्टरची सही-शिक्का लागतो, आणि त्याच्या आधारे रेल्वेचं ओळखपत्र काढून ठेवलं की तिकीट ऑनलाइन निघतं. मावशींकडे यूडीआयडी आहे. त्यांना वाटत होतं तेच दाखवलं की झालं. वस्तीतल्या दहा जणांना विचाराल तर नऊ जण हेच सांगतील.

दुसरी अडचण 'मदतनीसाशिवाय प्रवास करू न शकणारा' या अटीची. हवालदार काका कृत्रिम पायावर चालतात. मग डॉक्टर विचारतात, "तुम्ही तर चालता, सोबती कशाला?" सपाट जमिनीवर चालणं आणि गर्दीच्या फलाटावरून डब्यात चढणं यातला फरक त्या कागदावर लिहायला जागाच नाही.

तिसरी अडचण डब्याची. अनेक गाड्यांना अपंगांसाठी राखीव डबा असतो, पण तो बहुतेक वेळा गाडीच्या एका टोकाला. फलाटावरचं छप्पर, पाणी, बाकडी, लिफ्ट मधे असतात. आणि गर्दीच्या दिवशी तो डबा आधीच भरलेला. इथे स्पष्ट बोलायला हवं. ६ डिसेंबरच्या गाडीत त्या डब्यात शिरणाऱ्या धडधाकट माणसांत आपलेही लोक असतात. 'जय भीम' म्हणून चढतात आणि अपंग माणूस खाली उभा राहतो.

चौथी अडचण घर ते स्टेशन आणि स्टेशन ते मुक्काम. सवलत तिकिटावर आहे. पण वस्तीतून स्टेशनपर्यंत रिक्षावाला तीनपट पैसे मागतो, त्यावर सवलत नाही. दादरला उतरून शिवाजी पार्कपर्यंतची वाट, मग रांगेत तासन्‌तास उभं राहणं, त्यावर सवलत नाही. प्रवास हा दारापासून दारापर्यंतचा असतो. मधली एक कडी तुटली तरी माणूस घरीच राहतो, आणि मग तिकिटावरची सवलत न वापरताच पडून राहते.

सैनिकाचा पाय आणि मावशीचा पाय

आपल्या समाजाचं सैन्याशी नातं जुनं आहे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सैन्यात होते. महार सैनिकांची भरती बंद झाली तेव्हा निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला होता. १९१७ मध्ये महार पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. काम असेपर्यंत घ्यायचं आणि काम झालं की सोडायचं, हा अनुभव आपल्या सैनिकांनी आधीच घेतलेला आहे.

जखमी सैनिकांसाठी देशात चांगल्या संस्था आहेत आणि त्यातल्या महत्त्वाच्या आपल्या पुण्यात आहेत. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ मध्ये अपंग सैनिकांना हातात काम देण्यासाठी सुरू झाली. खडकीतच पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे, तिथे मणक्याला इजा झालेले सैनिक राहतात. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे पोहण्यात भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. सिनेमा आल्यावर सगळ्यांना ते माहीत झाले. मदतीची यंत्रणा असेल तर माणूस कुठवर जातो हे त्यातून दिसतं.

पण सगळे सैनिक त्या यंत्रणेपर्यंत पोहोचत नाहीत. अपंगत्व पेन्शनसाठी अपंगत्व सेवेमुळे झालं किंवा सेवेमुळे वाढलं, आणि ते २० टक्के किंवा जास्त आहे, हे लागतं. वैद्यकीय मंडळाने 'सेवेशी संबंध नाही' असं लिहिलं की भांडण सुरू. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर फायदा सैनिकाला मिळाला पाहिजे आणि सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नाही. २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याचा, म्हणजे ५० च्या आतलं ५०, त्यापुढचं ७५ आणि १०० धरण्याचा लाभ नोकरी पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मान्य झाला. तरीही अनेकांना सशस्त्र दल न्यायाधिकरणात जावं लागतं. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले आहेत, त्यात अपंगत्व घेऊनही नोकरी पूर्ण करणाऱ्यांच्या लाभाला 'इम्पेअरमेंट रिलीफ' असं वेगळं नाव दिलं आहे. त्यामुळे आपली केस कुठल्या तारखेची, हे आधी बघा.

आणि इथे एक गोष्ट माजी सैनिकांच्या घरात समजून घेतली जात नाही. सैन्याच्या मंडळाने दिलेली टक्केवारी पेन्शनसाठी असते. रेल्वे, एसटी, नोकरीतलं ४ टक्के आणि उच्च शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण यांच्यासाठी नागरी प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं. काकांनी पंधरा वर्षं ते काढलंच नव्हतं. "आपण फौजी आहोत ताई, अपंगांच्या रांगेत कशाला बसायचं?" असं म्हणाले. त्यांच्या या वाक्यात मला आपल्या समाजाची दोन मोजमापं दिसली. सैनिकाचा गेलेला पाय म्हणजे शौर्य, मावशीचा लुळा पाय म्हणजे बिचारेपण. एकाला सलाम, दुसरीला दया. पण बसची पायरी दोघांना सारखीच उंच होती.

सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या आपल्या तरुणांसाठी अजून एक. जून २०२२ पासून भरती अग्निवीर म्हणून होते. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के पुढे ठेवले जातात. सेवेमुळे अपंगत्व आलं तर १००, ७५ किंवा ५० टक्क्यांप्रमाणे ४४, २५ किंवा १५ लाख रुपये एकदाच मिळतात. नेहमीच्या सैनिकासारखी आयुष्यभराची पेन्शन आणि माजी सैनिकाचा दर्जा नाही. बावीस वर्षांच्या मुलाचा पाय गेला तर त्याच्यापुढे चाळीस-पन्नास वर्षांचं आयुष्य असतं, कृत्रिम पाय दर काही वर्षांनी बदलावा लागतो. भरती होऊ नका असं मी म्हणत नाही, आपल्या पोरांपुढे पर्याय किती आहेत हे मला माहीत आहे. पण पळण्याच्या सरावाबरोबर या अटीही वाचा, आणि ही मागणी आपल्या संघटनांच्या निवेदनात यायला हवी.

धम्म काय सांगतो

'मागच्या जन्मीचं कर्म' हे वाक्य अपंगांना आजही ऐकावं लागतं, आपल्या वस्त्यांतही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत नाकारला, कारण त्यातून समाज आणि राज्य स्वतःची जबाबदारी झटकतात. विनयपिटकात आजारी भिक्खूची गोष्ट आहे. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं, तेव्हा भगवान बुद्ध आणि आनंद यांनी स्वतः त्याला धुतलं, उचलून नीट झोपवलं आणि संघाला सुनावलं की तुम्हीच एकमेकांकडे बघितलं नाही तर कोण बघणार.

आणि १४ ऑक्टोबर १९५६ आठवा. मधुमेह आणि पायांच्या दुखण्याने बाबासाहेब तेव्हा आधाराशिवाय चालू शकत नव्हते. दीक्षेच्या मंचावर ते आले तेव्हा एका हातात काठी होती आणि दुसरा हात नानकचंद रत्तूंच्या खांद्यावर होता. त्यानंतर महिनाभरात ते काठमांडूच्या बौद्ध परिषदेलाही गेले. ज्या भूमीवर ते काठी आणि खांद्याच्या आधाराने उभे राहिले, तिथे काठी घेऊन येणाऱ्याला जागा मिळू नये, हे आपल्याला कसं चालतं?

आपण काय करू शकतो

मागण्या सरकारकडे आहेत, आणि काही गोष्टी आपल्या हातात आहेत. आधी आपल्या हातातल्या.

१. यादी करताना फक्त नाव लिहू नका. चढायला काय लागेल, संडास कसा लागेल, सोबत कोण, औषध कोणतं, हे विचारा. उचलायचं असेल तर कसं उचलायचं हे त्या माणसालाच विचारा.

२. बस ठरवताना थांबे आधी ठरवा. वाटेत कमोड असलेला, पायऱ्या नसलेला संडास कुठे आहे ते एकाने दुचाकीवर जाऊन बघून यावं. दोन-अडीच हजारांची कमोड खुर्ची मंडळाने घेतली तर दहा वर्षं पुरते.

३. विहाराला रॅम्प करा. रॅम्पचं प्रमाण १ ला १२ असतं, म्हणजे १ फूट उंचीसाठी १२ फूट लांबी. सहा इंचाच्या तीन पायऱ्या असतील तर १८ फूट लांब रॅम्प लागेल. घसरगुंडीसारखा उभा रॅम्प म्हणजे फोटोपुरता रॅम्प. दार किमान ९० सेंटिमीटर रुंद हवं. कायद्याच्या व्याख्येत सार्वजनिक इमारत म्हणजे धार्मिक-सांस्कृतिक वापराची खासगी इमारतही येते, त्यामुळे विहार आणि समाजमंदिर यातून सुटत नाहीत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के निधी अपंगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत त्याचा हिशेब मागा.

४. वस्तीत कागदांचं शिबिर घ्या. यूडीआयडी, रेल्वेचं ओळखपत्र, एसटीची सवलत, आणि माजी सैनिकांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंद, हे एकाच दिवशी एका टेबलावर भरून घ्या. सिकलसेलच्या मुलांना मुद्दाम बोलवा. सेवेनंतर अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची फेरबदल केलेल्या स्कूटरसाठी मदत आहे, ती याच कार्यालयामार्फत मागता येते.

५. गाडीत राखीव डबा रिकामा ठेवायची जबाबदारी आपल्या स्वयंसेवकांनी घ्यावी. चैत्यभूमीची रांग शिस्तीत लावणाऱ्या समता सैनिक दलाच्या आणि इतर संघटनांच्या स्वयंसेवकांना हे अवघड नाही. गाडीत अडचण आली तर १३९ वर लगेच तक्रार नोंदवा.

आता सरकारकडच्या मागण्या. दीक्षाभूमी, चैत्यभूमी आणि विजयस्तंभ या तिन्ही ठिकाणी गर्दीच्या दिवसांत प्रशासन पाणी, मंडप, दवाखाना, बस यांचं नियोजन करतं. त्याच बैठकांत अपंगांचे प्रतिनिधी बसवा. स्टेशनपासून स्थळापर्यंत कमी उंचीच्या गाड्या, वेगळी रांग, व्हीलचेअर, कमोडचे फिरते संडास, आणि भाषणांना सांकेतिक भाषेचा दुभाषी, एवढं तरी मागू. जुलै २०२४ मध्ये दीक्षाभूमीच्या भूमिगत पार्किंगवरून मोठं आंदोलन झालं आणि काम थांबलं. पुढचा आराखडा येईल तेव्हा त्यात काठीवाल्याची आणि चाकाच्या खुर्चीची वाट कुठे आहे, हा प्रश्न आपणच विचारायला हवा.

तक्रारीचा मार्गही आहे. प्रत्येक सरकारी आस्थापनेत कलम २३ प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी असावा लागतो. त्याने ऐकलं नाही तर पुण्यातल्या राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते, त्यांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. कायदा मोडल्यास पहिल्यांदा १० हजारांपर्यंत, पुन्हा मोडल्यास ५० हजार ते ५ लाखांपर्यंत दंड आहे. महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ ला स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग जाहीर केला. विभाग आहे, तर त्याला काम द्यायला हवं. निवेदनं, माहिती अधिकार, धरणं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

यंदाच्या यादीत मी पहिलं नाव मावशींचं लिहिलं आहे, दुसरं काकांचं. बसवाल्याला सांगून लोखंडी पायरी करून घेतली आहे. तीन थांबे ठरले आहेत, तिन्ही ठिकाणचे संडास आमच्या पोरांनी बघून ठेवले आहेत. मावशी अजून 'हो' म्हणाल्या नाहीत. पुन्हा विचारायला मी येत्या रविवारी जाणार आहे. त्यांनी विचार बदलला तर वाटेत त्या पोटभर पाणी पितील, एवढी व्यवस्था आम्ही केली आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.